जोडहात्या

"या दोन्ही सेना एकाच हातानं रंगवल्या आहेत," ओजस केळकर म्हणाला.

ओजस स्पर्धेचा मुख्य पंच. तिशीचा, फार सभ्य. वाईट बातमी सांगताना आवाज खाली आणणारा. बाणेरच्या बॅडमिंटन हॉलमध्ये त्याच्या टेबलावर डावीकडे माझे कीटकराक्षस उभे होते आणि उजवीकडे नागपूरच्या प्रभाकर बोरकुटेंचे सांगाडे. माझे राक्षस हिरवे-तांबूस, चिलखती पाठींचे. त्यांचे सांगाडे पांढरे, हातात गंजक्या तलवारी. दोन्ही बोटाएवढ्या उंचीचे होते, एवढंच काय ते साम्य.

मी बोरकुटेंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतो.

"म्हणजे मी यायच्याकडून रंगवून घेतलं असं म्हणनं हाय का तुमचं?" बोरकुटेंनी विचारलं.

"मी काहीच म्हणत नाही, काका. यंत्र म्हणतंय."

"मंग यंत्राले सांगा, मॅडम कोल्हापूरच्या, मी नागपूरचा. मधात अख्खा महाराष्ट्र हाय."

मागे रांगेत उभे असलेले दोघेतिघे हसले. मला हसू आलं नाही. मी अठ्ठावीस वर्षं कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवलं आहे आणि कॉपी करणाऱ्या मुलांना पकडलं आहे. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायची मला सवय नव्हती.

रणपट हा आमचा खेळ. जेवणाच्या टेबलाएवढ्या पटावर डोंगर, ओढे, पडके किल्ले मांडायचे, दोन्ही बाजूंनी छोट्या मूर्तींच्या सेना उभ्या करायच्या आणि फाशांच्या दानावर लढायचं. या मूर्तींना आम्ही मिनी म्हणतो. खेळाचा सगळ्यात जुना रिवाज असा, की न रंगवलेली मिनी पटावर पाऊल ठेवत नाही. रंग नाही तोवर ती जन्मालाच आलेली नाही, असं धरतात. पुढे रंगीत मूर्ती छापणारी यंत्रं घरोघर आली. संध्याकाळी राक्षस निवडावा, सकाळी तो रंगून तयार. तेव्हा जुन्या खेळाडूंनी आपला वेगळा विभाग राखला, हस्तरंग. तिथे प्रत्येक मिनी खेळाडूनं स्वतः, ब्रशनं रंगवलेली असली पाहिजे.

ते तपासायला रेषावाचक असतो. ब्रश फिरतो तिथे रंगाचे अगदी बारीक उंचवटे राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. रेष कुठे जाड होते, कुठे उचलली जाते, किती कलते, हे तो मोजतो. कुणाच्याही दोन रेषा सारख्या नसतात. पण त्या एकमेकींपासून कशा वेगळ्या असतात, याची ज्याची त्याची एक तऱ्हा असते. चालण्यावरून ओळखीचा माणूस लांबून कळतो, तसं. छापलेल्या मिनीला तऱ्हाच नसते. आणि दोन सेनांची तऱ्हा एक निघाली, तर कुणीतरी दुसऱ्याकडून रंगवून घेतलेलं असतं.

बोरकुटेंनी वाद घालायला उजवा हात उंचावला. शर्टाची बाही खाली घसरली आणि मनगटावरचा राखाडी पट्टा दिसला. मी माझी बाही वर केली. माझ्याही मनगटावर तोच पट्टा होता.

"स्थिरा?" मी विचारलं.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "तुमाले?"

"मलाही तेवढंच."

ओजसनं दोन्ही पट्टे बघितले आणि त्याचा आवाज आणखी खाली गेला.

*

काम करताना हात थरथर कापण्याचा आजार मला साठीच्या आसपास जडला. जिवाला धोका नाही आणि बराही होत नाही. हात मांडीवर असला की शांत असतो. कप उचलला, ब्रश उचलला की सेकंदाला पाच-सहा वेळा हलतो.

स्थिरा हा पट्टा माझ्या मुलीच्या, तनयाच्या, कंपनीनं बनवला. त्याची दुसरी आवृत्ती ज्यांनी घडवली, त्यांत तनया होती. पहिली आवृत्ती साधी होती. आपण मनानं करतो त्या हालचाली सावकाश असतात आणि कंप त्याहून जलद; म्हणून जलद ते कापायचं आणि सावकाश ते ठेवायचं. त्यासाठी पट्टा मनगटाच्या स्नायूंना विजेच्या अगदी सौम्य लहरी देऊन कंपाच्या उलट दिशेला ओढायचा. पण कांदा चिरणं जलद असतं, सहीचं वळण जलद असतं, ब्रशचा झटकाही जलद असतो. पहिला पट्टा तेही कापून टाकायचा.

दुसऱ्या पट्ट्यानं वेगळी वाट धरली. स्नायू आकसण्याच्या क्षणभर आधी त्यातून एक विद्युतलहर जाते. ती वाचायची, हाताला कुठे जायचं असेल याचा अंदाज करायचा आणि हाताला तिथे न्यायचं. अंदाजाला अनुभव लागतो. एका मनगटाचा पुरत नाही, म्हणून लाखभर मनगटांचा एकत्र केला. ही कल्पना फार सुंदर आहे. आजही मला तसं वाटतं. दीड वर्ष मी चहा सांडला नाही.

पण कंपाखाली माझी लहर अस्पष्ट असते. जिथे ती अस्पष्ट, तिथे पट्टा त्या लाखांना विचारतो, की अशा वेळी हात बहुधा कुठे जातो? आणि माझा हात तिकडे नेतो. मध्यंतरी बँकेनं माझी सही जुळत नाही म्हणून नवा नमुना मागितला होता. वय झालं, असं म्हणून मी तो देऊन आले होते. आता नागपूरच्या सांगाड्यांच्या फासळ्यांकडे बघताना मला सगळं स्वच्छ दिसलं. माझ्या राक्षसांच्या पंखांवरच्या शिरा आणि त्या फासळ्या, दोन्ही एकाच शांत, नेटक्या, कुणाच्याच नसलेल्या हातानं काढल्या होत्या.

"मॅडम, आपला साहाय्यित विभाग आहे ना," ओजस म्हणाला. "याच वर्षी सुरू केलाय. तिथे तुमची सेना पहिली येईल, मी आत्ता सांगतो."

"त्यात कोण खेळतं?"

"ज्यांना... थोडी मदत लागते."

"मदत मला पण लागते की," माझ्यामागून इक्बाल मुजावर म्हणाले. "हा चष्मा काढला तर राक्षसाऐवजी तुमचं नाक रंगवीन मी. टाका मला पण त्यात."

इक्बाल कोल्हापूरचे दंतवैद्य. गेली कित्येक वर्षं दर रविवारी ते माझ्या घरी रणपट खेळायला येतात आणि बहुतेक वेळा हरतात. पुण्याला आम्ही दोघे एकत्रच आलो होतो.

"मी हस्तरंगमध्ये खेळणार आहे," मी म्हटलं.

"मग उद्या सकाळी आमच्यासमोर एक मिनी रंगवून दाखवावी लागेल. तसा नियम आहे." ओजस थांबला. "पण विचार करा, मॅडम. पट्टा घालून रंगवलंत, तर रेष बोरकुटे काकांशी जुळणार. काढून रंगवलंत, तर ती तुमच्या या सेनेशी जुळणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडून मी खोटी."

"असं मी म्हणत नाही."

"यंत्र म्हणतंय," बोरकुटे म्हणाले.

*

तनया जवळच राहते. संध्याकाळी मी सगळं सांगितलं, तेव्हा तिचा उपमा शिजत आला होता. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"साहाय्यितमध्ये खेळ ना, आई. त्यात कमीपणा काय आहे?"

"कमीपणा काहीच नाही. पण माझी सेना तिथलीही नाही. ती मी रंगवलेलीच नाही."

"तू नाहीस तर कोणी? रोज दुपारभर बसत होतीस तू. रंग तू निवडलेस. पट्टा फक्त तुला जे करायचंय तेच करतो. तुझ्या हाताला काय हवंय ते त्याला तुझ्याआधी कळतं."

"आणि माझं ठरलंच नसेल तेव्हा?"

"म्हणजे?"

"ब्रश टेकल्यावर मला कळतं, तनू, की रेष कुठे न्यायची. आधी नाही कळत. तो आधीच ठरवून मोकळा होतो."

तिनं कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "उद्या सगळ्यांसमोर पट्टा काढून बसणार तू. लोक मोबाईलवर घेणार ते. हात थडथड हलतोय, रंग भलतीकडे जातोय, आणि लोक हसतायत. ते मी बघायचं?"

"नको बघूस."

"आमचा पट्टा पुढच्या महिन्यात सरकारी दवाखान्यांत जाणार आहे. स्थिराच्या इंजिनिअरची आई स्थिरा काढून टाकते, असं म्हणतील लोक."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

"तुझा कप सांडायचा, आई!" तिचा आवाज चढला. "बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर आमटी वाढताना सांडलीस आणि आत जाऊन बसलीस. त्यानंतर मी या कामात शिरले. तुझ्यासाठी शिरले. आणि तू म्हणतेस, हे मी रंगवलंच नाही!"

मी तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पेटीतून जोडहात्या बाहेर काढला.

जोडहात्या हा माझ्या सेनेचा सरदार. प्रार्थनाकीटकावरून घडवलेला, पुढचे दोन काटेरी पाय छातीशी जोडून उभा. भक्तासारखा दिसतो आणि शत्रू जवळ आला की त्याला मधोमध चिरतो. वर्षभर तो माझ्याकडे नुसता राखाडी अस्तरात पडून होता, कारण त्याचे डोळे मला साधत नव्हते. त्या किड्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो. तुम्ही जिकडे जाल तिकडे तो तुमच्याकडे वळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो ठिपका नसतोच. किड्याचा डोळा बारीक नळ्यांचा बनलेला असतो आणि तुमच्या रोखानं असलेल्या नळ्यांतून उजेड परत येत नाही, म्हणून तेवढी जागा काळी दिसते. हे रंगात आणायचं तर शेकडो ठिपके लागतात, काही दाट, काही विरळ. पट्टा घालून ठिपके दिले की ते आलेखाच्या कागदासारखे सारख्या अंतरावर पडायचे. डोळ्याची खिडकीची जाळी व्हायची.

मी पट्टा काढायला गेले. कळ डाव्या हातानं काढायची आणि डावा हातही कापतो. बराच वेळ लागला. तनया जागची हलली नाही.

मग ब्रश उचलला, ओठांनी टोक केलं, आणि पहिलाच फटकारा जोडहात्याच्या गालावरून मानेपर्यंत गेला. दुसरा त्याच्या खांद्यावर. तनयानं मान वळवली.

मी ते पुसून काढलं. मिनी बुचाच्या मुठीवर चिकटवलेली असते. ती मूठ डाव्या हातात धरून मी पुन्हा ब्रश उचलला, आणि विचार न करता दोन्ही तळहात मनगटापाशी एकमेकांना टेकवले. करंगळ्या अडकवल्या. मिनी रंगवणारा कुणीही असाच बसतो. नवख्याला पहिल्या दिवशी हीच बैठक शिकवतात. मी मात्र दीड वर्षापूर्वी ती सोडली होती. पट्ट्याचं मनगट मोकळं ठेवायचं, कशाला टेकवायचं नाही, नाहीतर त्याला लहर नीट वाचता येत नाही, असं तनयानंच मला बजावलं होतं.

हात हलत होते. दोन्ही हलत होते. पण आता ते एकमेकांना बांधलेले होते, त्यामुळे ब्रश डावीकडे गेला की राक्षसही डावीकडे जात होता. एका होडीत समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचं डुलणं दिसत नाही. काठावरच्या माणसाला दिसतं. मी एक ठिपका दिला. तो मला हवा तिथे पडला. शेजारी दुसरा दिला. बोटांत थोडा कंप उरलाच होता, तो काही शून्य होत नाही. त्यामुळे दुसरा ठिपका केसभर सरकला, आणि तो सरकला म्हणूनच डोळ्यासारखा दिसला.

तनया केव्हा मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"आम्ही फक्त ब्रशचा हात मोजला," ती हळूच म्हणाली. "चाचणीतल्या सगळ्यांचा. दुसऱ्या हातात काय आहे, ते हलतंय का, हे कुणीच मोजलं नाही."

"तुम्हाला हात स्थिर करायचा होता."

"मग?"

"मला रेष हवी होती."

ती आत निघून गेली. तिला राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते मला कळलं नाही. उपमा मीच वाढून घेतला, पट्टा पुन्हा बांधून. भरल्या चमच्याला टेकायला दुसरा हात नसतो.

*

सकाळी हॉलच्या मधोमध माझ्यासाठी टेबल मांडलं होतं. वर रेषावाचकाचा कॅमेरा आणि भिंतीवर मोठा पडदा. शंभरेक माणसं खुर्च्या ओढून बसली होती. इक्बाल पुढच्याच रांगेत होते.

"मॅडम, घाबरू नका," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "निदान हा तोंड उघडून ओरडणार तरी नाही. माझे पेशंट ओरडतात."

मी पट्ट्याच्या कळीला हात घातला. बोटं घसरली. पुन्हा घातला. कुणीतरी मोबाईल उंच धरला. हसू नये म्हणून कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात बाजूनं एक हात आला आणि त्यानं कळ उघडली. तनया होती. तिनं कालचेच कपडे घातले होते आणि डोळे लाल होते. पट्टा काढून तिनं स्वतःच्या खिशात टाकला.

"तुला ऑफिस होतं ना?" मी विचारलं.

"आहे. फोन येतायत. तू रंगव."

मी तळहात जोडले आणि करंगळ्या अडकवल्या. मूठ आणि ब्रश समोरासमोर आले.

पडद्यावर जे दिसलं त्यावर हॉलभर चुकचुकाट झाला. कॅमेरा टेबलाला घट्ट बसवलेला होता. तो माझ्याबरोबर हलत नव्हता. त्याला ब्रशही दिसेना आणि राक्षसही. पडद्यावर नुसती हिरवी-करडी थरथर होती. रंगाच्या पाण्याच्या पेल्यात लाटा उठत होत्या.

"मॅडम," ओजस वाकून म्हणाला, "आपण थांबूया का? कुणी काही म्हणणार नाही."

"तुम्ही उजेडात उभे आहात," मी म्हटलं. "सरका."

तो सरकला. मी रंगवत राहिले. रात्रीचे ठिपके मी पुसूनच आले होते. आधी सगळ्या अंगावर हिरवा, मग डोळ्यावर फिकट हिरवा, त्यावर पिवळट ठिपके, मग कडेला तपकिरी, आणि शेवटी दाट काळ्याची जागा, जिथे ठिपका नसतो पण असल्यासारखा दिसला पाहिजे. मला घाई नव्हती. चाळीस वर्षं मी भिंगाखाली हे डोळे बघितले आहेत. माझा हात कसा हलतो हे शंभर माणसांना दिसलं, तर त्या डोळ्यांचं काही बिघडत नव्हतं. कुणीतरी उठून गेलं. कुणीतरी चहाचं विचारलं. पडदा थरथरतच होता.

मग मी मूठ टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतले.

पडदा स्थिर झाला. भिंतभर मोठा जोडहात्या छातीशी पाय जोडून उभा होता आणि सरळ आमच्याकडे बघत होता. हॉलच्या डाव्या टोकाला बसलेल्यांना वाटलं तो त्यांच्याकडे बघतोय, उजवीकडच्यांना वाटलं त्यांच्याकडे. चुकचुकाट पार थांबला.

"ओह," ओजस म्हणाला. सभ्यपणा विसरून तो पहिल्यांदाच काहीतरी बोलला होता. मग त्याला काम आठवलं. रेषावाचक फिरला. "मॅडम, ही रेष... तुमच्या सेनेशी जुळत नाही."

"नाहीच जुळणार."

"मग ही रेष तुमची आहे हे आम्ही कशावरून... म्हणजे समोर बघितलं आम्ही, पण तुलनेला काहीतरी हवं. पट्ट्याच्या आधीचं."

पट्ट्याच्या आधीचं माझ्याकडे काही नव्हतं. जुने राक्षस मी कधीच विद्यार्थ्यांना वाटून टाकले होते. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर इक्बाल उठून टेबलाशी आले. त्यांच्या मुठीत त्यांच्या सेनेचा सरदार होता, पतंगराज. पंखांवर उलूकाचे डोळे असलेला.

"हा वाचा," ते म्हणाले.

"इक्बाल, ठेवा तो आत," मी म्हटलं.

"वाचा हो तुम्ही."

तपासणीत प्रत्येक सेनेतल्या दोनचारच मिनी वाचतात, त्यांत हा आला नव्हता. ओजसनं मिनी उलटी करून खालचा क्रमांक बघितला. "मुजावर सर, हा तुमच्या सेनेतला आहे. स्वतः रंगवल्याचं तुम्ही सांगितलंय."

"होय. खोटं सांगितलंय. माझ्या पन्नाशीला मॅडमनी रंगवून दिला होता. याच्याशिवाय माझी सेना म्हणजे बिनदाताची कवळी." त्यांनी तो कॅमेऱ्याखाली ठेवला. "माझं नाव हस्तरंगमधून काढा. काढताय तर एका झटक्यात काढा, हळूहळू हलवून दुखवू नका."

रेषावाचक पतंगाच्या पंखांवरून फिरला, मग जोडहात्याच्या डोळ्यावरून. दोन्ही रेषांमध्ये सात-आठ वर्षं होती आणि एक आजार होता. कंपानं माझ्या रेषेला कडा आणल्या होत्या, ती खरखरीत झाली होती. पण ती कुठे जाड व्हायची, कुठे उचलली जायची, कशी कलायची, ती तऱ्हा तीच होती.

"एकच हात," ओजसनं वाचून दाखवलं.

टाळ्या वाजल्या. मला त्या नको होत्या. मी माझ्या सेनेची पेटी उघडली आणि एकेक राक्षस त्याच्या टेबलावर काढून ठेवला.

"हे मी मागे घेते. हे माझे नाहीत. लाखभर लोकांनी मिळून रंगवलेत. त्यातला एक लाखांश माझा असेल. बोरकुटेंवरही दुसऱ्याकडून रंगवून घेतल्याचा ठपका राहता कामा नये. तेही त्याच लाखांतले आहेत."

"मी तर आता साहाय्यितमध्येच खेळतो, बाप्पा," बोरकुटे मागून म्हणाले. "रंगात मी कधीच धड नव्हतो. पट्ट्यानं मले जेवता येते, पोराच्या लग्नात अक्षता टाकता आल्या. मले तो पायजे."

"मलाही पाहिजे," मी म्हटलं. "चहाला. ब्रशला नाही."

"आणि तुम्ही कशानं खेळणार मग?" ओजसनं विचारलं. "सेना नाही तुमच्याकडे."

मी जोडहात्याला हात लावून बघितला. रंग वाळला होता.

"नियमात सेनेची वरची मर्यादा आहे," मी म्हटलं. "खालची आहे का?"

त्यानं नियम उघडले. पंचांनी आपापसांत बोलून घेतलं. खालची मर्यादा कुणी लिहिलीच नव्हती. एका मिनीनं कुणी येईल असं कुणाला वाटलं नसावं.

*

माझी पहिली लढत सांगलीच्या एका तरुणाशी होती. त्यानं पटाच्या त्याच्या बाजूला ओळीनं भालाईत, धनुर्धारी, दोन तोफा आणि एक सहा हातांचा दैत्य मांडला. सगळं स्वतः रंगवलेलं, नीट, जीव लावून. मी माझ्या बाजूला, पडक्या किल्ल्यासमोर, जोडहात्या ठेवला. एवढ्या मोठ्या पटावर तो फार लहान दिसत होता आणि ज्यानं त्यानं आपल्याकडे बघतोय असं समजावं, तसा बघत होता.

हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीशी, तनया जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर रंग उतरवायच्या द्रावणाची बादली होती आणि ती माझ्या राक्षसांना एकेक करून त्यात बुडवत होती, बाहेर काढून दातांच्या ब्रशनं घासत होती. ब्रश इक्बालांनी दिला होता.

"मऊ हातानं, तनयाताई," ते तिच्या डोक्याशी उभे राहून सांगत होते. "हिरड्या जपून. कडेकडेनं."

"काका, याला हिरड्या नाहीत. हा भुंगा आहे."

"म्हणूनच. घाबरलाय तो."

तिचा फोन शेजारी वाजत होता. एकदा तिनं तो उचलला, ओल्या बोटांनी. "हो, मीच काढला," ती म्हणाली. "नाही, बिघडलेला नव्हता. सोमवारी येऊन सांगते. दुसऱ्या हाताचं मोजमाप घ्यायला लागेल, सगळ्यांच्या." आणि फोन पालथा ठेवून दिला. तिच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर धुतलेले राक्षस वाळत पडले होते, करडे, डोळे नसलेले, अजून जन्माला न आलेले.

सांगलीच्या मुलानं पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो चांगल्या घरचा असावा. त्याला माझ्यावर दया करायची नव्हती आणि मला चिरडायचंही नव्हतं.

"काकू," तो अडखळत म्हणाला, "बाकीची सेना?"

"येतेय," मी म्हटलं, आणि फासे उचलले. फासे खुळखुळवायला माझ्यासारखा हात त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता.